पिल्लू मुलीला हवं होतं, कुत्री आजोबांची झाली : पहिल्या स्पॅनियलच्या निवडीचं एक प्रकरण

कुटुंब पाच जणांचं. आई रुग्णालयात पाळीने काम करते, बाबा आठवड्यातले दोन दिवस घरून काम करतात, मुलगी अकरा वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा आणि गुडघेदुखीमुळे काठी घेऊन चालणारे आजोबा. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे, खाली फिरवायला जागाही आहे. घरात याआधी कुत्रा कधीच नव्हता. कुत्रा घेण्याआधी लोकांना सल्ला द्यायचं काम मी करते. ते माझ्याकडे आले तेव्हा त्यांचं तीन गोष्टींवर एकमत होतं : स्पॅनियल (लांब कानांच्या कुत्र्यांचा एक गट) हवा, लहान हवा आणि पिल्लूच हवं. प्रश्न एकच राहिला होता, कॅव्हेलियर की कॉकर? (ओळख पटू नये म्हणून घरचे एक-दोन तपशील बदलले आहेत. कुत्रीचे बदललेले नाहीत.)

मंगळवारचा कागद

जातीचा विषय मी बाजूला ठेवला. एक साधा मंगळवार घ्या म्हटलं, आणि सकाळी उठल्यापासून रात्री दिवे मालवेपर्यंत घरात कोण कधी असतं ते लिहा. आईने लिहायला घेतलं. मुलं साडेसातला शाळेत. बाबा आठला बाहेर. आईची सकाळची पाळी असेल तर ती त्याआधीच गेलेली. मुलं चारला परत, पण पाचला मुलीचा क्लास. म्हणजे आठ ते चार या वेळात कुत्र्याजवळ फक्त आजोबा.

कुत्रा मुलीचा, असं सगळे धरून चालले होते. कागदावर मुलीच्या वाट्याला जेमतेम दोन तास येत होते, तेही गृहपाठ सांभाळून. शिवाय लहान स्पॅनियल साधारण दहा-बारा वर्षं जगतो. तो म्हातारा होईल तेव्हा ही मुलगी कॉलेज संपवून कुठल्या कुठे गेलेली असेल.

आजोबांना कोणी विचारलं होतं का? विचारलं होतं. सुनेने "बाबा, चालेल ना?" म्हटलं आणि ते "तुमचं ठरलंच असेल तर आणा" म्हणाले. हा होकार नव्हे, हे मराठी घरात वाढलेल्या कुणालाही कळेल. मी त्यांना वेगळं विचारलं, काका, तुम्हाला कशाची धास्ती वाटते? ते म्हणाले, वाकायची. आणि पायात येईल त्याची. निवडीच्या दोन मुख्य कसोट्या इथेच मिळाल्या.

यादीतली लवकर गळालेली नावं

मुलीने वहीत पाच-सहा जाती लिहून आणल्या होत्या, प्रत्येकीला गुणही दिले होते. त्यातल्या काही झटपट बाजूला झाल्या. किंग चार्ल्स स्पॅनियल, म्हणजे कॅव्हेलियरचाच चपट्या नाकाचा नातेवाईक, श्वासाच्या आणि डोळ्यांच्या तक्रारींमुळे पहिल्या कुत्र्यासाठी मी सुचवत नाही. तिबेटन स्पॅनियल नावाला स्पॅनियल. रक्ताने तो शिकारी स्पॅनियलांपैकी नाही. उंच जागी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवणारा, आपल्या मर्जीचा प्राणी. मला स्वतःला फार आवडतो, पण बोलावलं की येईल याची खात्री नाही, आणि आजोबा त्याच्यामागे धावू शकत नाहीत.

पॅपिलॉनवर मुलीचा जीव होता. फुलपाखरासारखे कान, तल्लख डोकं, शिकवाल ते शिकतो. पण वजन साधारण दोन ते पाच किलो आणि पायाची हाडं बारीक. पाच वर्षांच्या मुलाने उचलला, सोफ्यावरून निसटला, की पुढचा पाय मोडण्याची भीती खरी असते. मुलगा दहाचा असता तर मी वेगळं बोलले असते.

बाबांना शिंकांचा त्रास होता. केस न गळणारी, ॲलर्जी न देणारी स्पॅनियल असते का, असं त्यांनी विचारलं. नसते. ॲलर्जी करणारी प्रथिनं कुत्र्याच्या लाळेत आणि कोंड्यात असतात, नुसत्या केसांत नाहीत. त्यांना कुत्री असलेल्या एका घरी दोन-तीनदा तासन्‌तास बसवलं, काही झालं नाही, विषय संपला.

कॉकर

कॉकरचा आग्रह आईचा होता. लहानपणी शेजाऱ्यांकडे सोनेरी कॉकर होता आणि तो तिच्या मनात घर करून बसला होता. त्यामुळे इथे जरा वेळ द्यावा लागला. आवडत्या आठवणीला वजन-उंचीचे आकडे दाखवून भागत नाही.

इंग्लिश कॉकर भरतो साधारण १२ ते १५ किलो. अमेरिकन कॉकर त्याहून थोडा लहान, पण त्याच्या केसांची निगा म्हणजे अर्धवेळ नोकरी. झुडपात शिरून पक्षी उठवण्यासाठी घडवलेली ही जात. नाक जमिनीला, शेपूट सतत हलती, वास लागला की कान बंद. त्यातही शिकारीच्या कामासाठी जोपासलेली वाणं आणि शोसाठी जोपासलेली वाणं यांत बराच फरक आहे. कामाच्या वाणातल्या कॉकरला रोजची खालची फेरी म्हणजे काहीच नाही. तो उरलेली ताकद सोफ्याच्या उशीवर काढतो. गुडघेदुखीचा माणूस आणि पट्टा ओढणारा चौदा किलोंचा कुत्रा, ही जोडी मला लिफ्टच्या दारातच अडखळलेली दिसत होती.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कॉकरला तोंडात काहीतरी धरून मिरवायची हौस असते, ती त्याच्या कामातूनच आलेली आहे. घरात तो मोजा उचलतो. सगळे ओरडत मागे धावतात, कोपऱ्यात गाठतात, जबडा उघडून मोजा ओढून काढतात. असं काही वेळा झालं की पुढच्या वेळी तो मोजा घेऊन टेबलाखाली शिरतो आणि गुरगुरतो. यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे : हिसकावायचं नाही, त्याच्या आवडीचं काहीतरी देऊन अदलाबदल करायची, आणि हे पिल्लूपणापासून. पण ज्या घरात पाच वर्षांच्या मुलाची खेळणी दिवसभर जमिनीवर पसरलेली असतात, तिथे हा नियम सगळ्यात आधी मोडणारा तो मुलगाच असणार. ओरबाडणारं मूल आणि राखण करणारा कुत्रा समोरासमोर आले की मुलाचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला असतो.

"कॉकर अचानक पिसाळल्यासारखे चावतात म्हणे," आईने हेही ऐकलेलं होतं. तसा खरा विकार फारच दुर्मीळ. मी पाहिलेल्या बहुतेक "अचानक" चाव्यांच्या मागे हिसकावलेली वस्तू तरी होती किंवा ठणकणारा कान तरी. लांब, जड, केसाळ कानाखाली हवा खेळत नाही, ओल राहते, संसर्ग होतो आणि घरच्यांना तो वास येईपर्यंत कळत नाही.

कॉकरमध्ये एक मोठी जमेची बाजूही आहे, ती मी सांगितली. दृष्टी घालवणारा पीआरए हा आनुवंशिक आजार आणि किडनीचा एक आनुवंशिक आजार, दोन्हींसाठी डीएनए चाचणी आहे. आईबापांच्या चाचण्या पाहून पिल्लू घेतलं तर ही दोन संकटं जवळपास टाळता येतात. कॅव्हेलियरच्या मुख्य आजाराला अशी सोय नाही.

कॅव्हेलियरचं हृदय

स्वभावाने कॅव्हेलियर या घराला हातमोज्यासारखा बसत होता. साडेपाच ते आठ किलो, माणसाच्या मांडीवर बसणं हेच त्याचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम, मुलांशी नरम, फिरायला नेलं तर आनंदाने येतो, नाही नेलं तर आजोबांच्या पायाशी घोरतो. पण मी कुठल्याही कुटुंबाला कॅव्हेलियर सुचवताना आधी आजाराचं बोलते, मगच फोटो बघू देते. फोटो आधी पाहिले की पुढचं कुणी ऐकत नाही.

जात जुनी दिसते, पण आजच्या रूपात ती शंभर वर्षांचीही नाही. एकोणिसाव्या शतकात किंग चार्ल्स स्पॅनियलचं नाक आखूड करत नेलं गेलं. १९२६ मध्ये रॉसवेल एल्ड्रिज नावाच्या अमेरिकन माणसाने लंडनच्या क्रफ्ट्स या कुत्र्यांच्या शोमध्ये जुन्या चित्रांतल्यासारख्या लांब नाकाच्या स्पॅनियलसाठी २५ पौंडांचं बक्षीस लावलं. १९२८ मध्ये कॅव्हेलियरचा क्लब निघाला, जातीचं वर्णन ठरलं, आणि १९४५ मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबने ती वेगळी जात मानली. मधल्या काळात दुसरं महायुद्ध झालं, त्यात कुत्री फार थोडी उरली. आजच्या कॅव्हेलियरांचं मूळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या कुत्र्यांपर्यंत जातं. त्यांच्यात जे दोष होते ते सगळीकडे पसरले.

त्यातला पहिला हृदयाच्या मायट्रल झडपेचा. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली ही झडप जाड, गाठाळ होत जाते, पूर्ण मिटत नाही आणि रक्त उलटं गळतं. गळतीचा आवाज स्टेथोस्कोपमधून ऐकू येतो, तोच मर्मर. लहान जातींच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत हा आजार सर्रास आढळतो, पण कॅव्हेलियरमध्ये तो फार लवकर येतो. पाचव्या वर्षापर्यंत सुमारे निम्म्यांना मर्मर असतो, दहाव्यापर्यंत जवळजवळ सगळ्यांना. मर्मर म्हणजे लगेच मरण नव्हे. कित्येक कुत्री मर्मर घेऊन वर्षानुवर्षं मजेत राहतात. पण कोणती राहतील हे आधी सांगता येत नाही.

दुसरा दोष डोक्याचा. कवटीची मागची बाजू मेंदूला अपुरी पडते, मज्जारज्जूत पाण्याच्या पोकळ्या तयार होतात. याला सिरिंगोमायेलिया म्हणतात. काही कुत्र्यांना त्याचा पत्ताही नसतो, काहींना असह्य दुखतं. चालता चालता थांबून मानेजवळ हवेतच खाजवणं, त्वचेला पाय न लागता. छातीखाली हात घालून उचललं की केकाटणं. कानाला हात लावू न देणं. डोकं उंच टेकवून झोपणं, या खुणा. नक्की निदान एमआरआयनेच होतं, आणि त्यासाठी भूल द्यावी लागते.

हे ऐकून बाबा गप्प झाले. मग त्यांनी एका ब्रीडरचा, म्हणजे कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याचा, मेसेज दाखवला : पिल्लं आठ आठवड्यांची, "व्हेटने तपासलेली, हार्ट क्लिअर". लसीचं आणि जंतांचं कार्डही होतं. आठ आठवड्यांच्या पिल्लाचं हृदय साफ ऐकू येण्याला या आजारापुरता काही अर्थ नाही, कारण तो त्या वयात दिसतच नाही. विचारायचं असतं ते आईबापांचं वय आणि त्यांचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. जाणकारांची जुनी शिफारस अशी की अडीच वर्षांआधी प्रजनन नको, आणि ज्यांचं होईल त्यांचे आईबाप पाचव्या वर्षी हृदयाने साफ असावेत. म्हणजे पिल्लू घेणाऱ्याने आजी-आजोबांच्या हृदयापर्यंत चौकशी करायची. डेन्मार्कमध्ये प्रजननाआधी हृदयतपासणी सक्तीची केली आणि काही वर्षांत रोगाचं प्रमाण स्पष्टपणे उतरलं, तेव्हा हा पोकळ सोपस्कार नाही. त्या ब्रीडरला बाबांनी आईबापांचं वय विचारलं. उत्तरात आणखी फोटो आले.

मुलीने मात्र एक प्रश्न असा विचारला की मला थांबून उत्तर द्यावं लागलं. इतकं सगळं माहीत असताना लोक ही कुत्री जन्माला का घालतात? नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये नेमकं हेच म्हटलं. कॅव्हेलियरचं कॅव्हेलियरशीच चाललेलं प्रजनन त्यांच्या प्राणिकल्याण कायद्याच्या विरुद्ध ठरवलं आणि दुसऱ्या जातींशी गंभीरपणे, आखणी करून केलेल्या संकराची वाट मोकळी ठेवली. मला तो निकाल पटतो. मुलीला मी तसं सांगितलं. तिने वहीत कॅव्हेलियरचे गुण कमी केले.

पिल्लू की मोठी?

इथे निवडीची दिशाच बदलली. सगळ्यात मोठी अनिश्चितता पिल्लाच्या वयामुळे होती. पाच वर्षांच्या कुत्रीचं हृदय ऐकता येतं, पिल्लाचं त्याच्या आईबापांवरून नुसतं ताडता येतं. सहाव्या वर्षात पाय टाकणारी, इकोत झडप ठीक असलेली कॅव्हेलियर म्हणजे निम्मा जुगार आधीच खेळून झालेला. तिची मान दुखते का, ती मुलांना बिचकते का, घरात घाण करते का, हे सगळं डोळ्यांनी दिसतं. शिवाय तिच्यासाठी नवी वीण होत नाही. चांगल्या ब्रीडरांकडे प्रजननातून निवृत्त झालेल्या अशा माद्या असतात आणि त्यांना निवांत घर हवं असतं. शेल्टरमध्येही कधीमधी मिळतात.

आणि आजोबा होतेच. आठ आठवड्यांचं पिल्लू दर दोन तासांनी शूला न्यावं लागतं, त्याचे सुईसारखे दात पायाच्या अंगठ्यात रुततात, ते नेमकं पायात येतं आणि त्यामागे पुसायला वाकावं लागतं. कागदावरच्या मंगळवारी हे सगळं आठ ते चारमध्ये पडत होतं.

मुलगी रडली. लहान भावाने त्या रडण्याचा फायदा घेऊन मांजर मागून घेतली. आईने पिल्लाचा नाद सोडायला आठवडा घेतला. मी त्यात पडले नाही. इथे सल्लागाराने घाई केली की कुत्रा घरात येतो पण घरच्यांच्या मनात येत नाही.

भेट

एका ब्रीडरकडे साडेपाच वर्षांची पांढरी-तांबूस, म्हणजे ब्लेनहाइम रंगाची मादी होती. दोन विणी झालेल्या, नसबंदी झालेली. हृदयतज्ज्ञ व्हेटने नुकताच केलेला इको दाखवला : झडपेची किंचितशी गळती, हृदयाचा आकार नेहमीसारखा, मर्मर नाही. तिची आई दहा वर्षांची होती आणि त्याच अंगणात हिंडत होती. तिला मर्मर आहे, आठव्या वर्षी आला, हे ब्रीडरने न विचारता सांगितलं. मला या एका वाक्याने जेवढा विश्वास वाटला तेवढा कुठल्याही प्रमाणपत्राने वाटला नसता.

मी तिला आधी सैल पट्ट्यावर चालवलं. थांबून खाजवत नव्हती. मग मानेपासून पाठीपर्यंत हात फिरवला, बोटांनी हलका दाब देत. कानामागे पोचल्यावर ती दचकली नाही, उलट डोकं हातात टाकलं. कानाची पाळी उलटून वास घेतला : मेणाचा सौम्य वास, आंबूस नाही. कानामागच्या मऊ केसांत मात्र करंगळीएवढा गुंता होता. डोळे ओलसर, चकचकीत. या जातीत कोरड्या डोळ्यांचाही त्रास असतो, म्हणून ते पाहिलं. उचलताना एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली. आवाज नाही.

मुलाला जमिनीवर बसवलं होतं, हात स्वतःच्या मांडीवर. ती आली, हुंगलं, तोंड वळवून ओठ चाटले आणि दोन पावलं मागे गेली. मुलीने विचारलं, आवडला नाही का तिला तो? मी म्हटलं, ती "जरा थांब" म्हणतेय. तो थांबला. मिनिटाभराने ती पुन्हा आली आणि मग त्याच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवून बसली. मुलांना कुत्र्यांबद्दल एकच गोष्ट शिकवायची असेल तर मी हे ओठ चाटणं, जांभई आणि तोंड वळवणं शिकवेन. गुरगुरणं त्यानंतर येतं.

आजोबा खुर्चीवर बसून होते. निघताना त्यांनीच विचारलं, हिला जिना चढवायचा का लिफ्टनेच न्यायची?

घरी

पहिल्या दिवसापासून थोडेच नियम, पण न मोडणारे. धाकट्याने उचलायचं नाही, कधीच नाही. जवळ घ्यायचं तर जमिनीवर बसून. तिचं अंथरूण आजोबांच्या खुर्चीच्या मागे, आणि ती तिथे असताना तिला कुणी हात लावायचा नाही. पायात येण्याचा प्रश्नही यातूनच बराच सुटला, कारण तिला आपली जागा कळली. फिरवायला गळ्यातला पट्टा नाही, हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा. या जातीत मानेवर ताण नको. पाण्याचं आणि खाण्याचं भांडं अरुंद आणि खोल, म्हणजे कान बाहेर राहतात. कानामागे रोज कंगवा, हे काम मुलीकडे, आणि ते ती खरंच करते.

अडचण आली ती अपेक्षित ठिकाणीच. माणसाला चिकटून राहण्यासाठी घडवलेला प्राणी एकटा राहायला शिकलेला नसतो. आजोबा आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला जातात. पहिल्यांदा गेले तेव्हा तिने दाराशी बसून असा गळा काढला की खालच्या मजल्यावरून फोन आला. मग पायऱ्या-पायऱ्यांनी सवय लावली : आजोबा काठी घेऊन दारापर्यंत आणि परत, मग दाराबाहेर मिनिटभर, मग लिफ्टपर्यंत. जायचं नसतानाही काठी उचलायची, बूट घालायचे आणि परत बसायचं, म्हणजे काठीचा अर्थ "निघाले" असा उरत नाही. महिनाभरात ती तासभर शांत राहू लागली. त्याहून जास्त वेळ ते तिला एकटं ठेवत नाहीत आणि मीही आग्रह धरलेला नाही.

सध्याची स्थिती

वर्षानंतरच्या तपासणीत व्हेटला मर्मर ऐकू आला, सहापैकी दुसऱ्या श्रेणीचा. घरात धरणीकंप व्हायला हवा होता, पण हे कधीतरी होणार हे सगळ्यांना पहिल्यापासून माहीत होतं. इको पुन्हा झाला. गळती वाढलेली, हृदय मात्र मोठं झालेलं नाही. व्हेटच्या भाषेत बी-वन टप्पा. या टप्प्यावर औषध देत नाहीत. हृदय ठरावीक मर्यादेपलीकडे वाढलं की पिमोबेंडान सुरू करतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्या टप्प्यावरच्या कुत्र्यांत हे औषध हृदय निकामी होणं सरासरी पंधरा महिन्यांच्या आसपास लांबवतं असं दिसलं. तोवर घरी करायचं काम एकच : ती गाढ झोपेत असताना मिनिटाला किती श्वास घेते ते मोजायचं. तिशीच्या आत हवेत. आकडा त्यावर जाऊन तिथेच राहिला तर त्याच दिवशी व्हेटला फोन. मुलगी रविवारी मोजून फ्रिजवरच्या कागदावर लिहिते. आकडे बावीस ते पंचवीसच्या मध्ये आहेत.

भांडण चालू आहे ते वजनावरून. आली तेव्हा ८.४ किलो होती, आता ९.३ आहे. कॅव्हेलियरला पोट भरल्याचं कळत नाही असं म्हणायची वेळ येते, आणि मर्मर असलेल्या कुत्रीला जादा किलो परवडत नाही. आजोबांच्या खुर्चीशेजारी बिस्किटांचा डबा होता. तो मुलीने रिकामा केला आणि कुत्रीच्या रोजच्या खाण्यातलाच मोजून काढलेला चौथा हिस्सा त्यात भरला. द्यायचं तर त्यातूनच. आजोबांचं म्हणणं, त्यांनी कधी जास्त दिलंच नाही, एवढंसं द्यायचे. व्हेटने साडेआठचं लक्ष्य दिलंय, आणि पुढचं वजन लसीच्या वेळी होईल.